कुलपाची चावी आत अडकू नये: डिस्क एन्क्रिप्शनसाठी लिनक्सचा कर्नल बांधताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसातली कंप्युटरं मी बघतो. अशा ऑफिसात चोरण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. जॅकार्डची डिझाइनं असतात, परदेशातल्या गिऱ्हाइकाला दिलेले दर असतात, कामगारांच्या आधारकार्डांच्या प्रती आणि बँक खात्यांचे नंबर असतात. माझ्या ओळखीतल्या एका मालकांची बॅग प्रवासात गेली, तिच्यात लॅपटॉप होता. लॅपटॉप त्यांनी आठ दिवसांत नवा घेतला. पण आपली डिझाइनं आता कुणाच्या हातात असतील, हा घोर त्यांना वर्षभर पुरला. लॅपटॉपला पासवर्ड होता, पण तो लॉगिनचा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की लॉगिनचा पासवर्ड कुणी विचारत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षा ठेवण्याची जबाबदारी टाकतो. म्हणून डिस्कच एन्क्रिप्ट करायची, म्हणजे तिच्यावरचा मजकूर चावीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवायचा. माझ्या हाताखालच्या मशीनवर याला मी अपवाद ठेवत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्स सिस्टीमच्या तयार कर्नलमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्यात, डिस्क एन्क्रिप्शनला लागणारं सगळं असतंच. त्यावर तुमचं भागत असेल तर कर्नल स्वतः सोर्सपासून बांधू नका; सिस्टीम टाकतानाच एन्क्रिप्टेड एलव्हीएमचा (एलव्हीएम म्हणजे डिस्कचे भाग पाडून सांभाळणारी सोय) पर्याय निवडा आणि या लेखातला हेडरच्या, म्हणजे कुलपाची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाच्या, बॅकअपचा भाग तेवढा नीट वाचा. ज्यांना जुन्या मशीनसाठी हलका कर्नल हवा आहे, जे जेंटूसारखी, सोर्सपासून बांधायची सिस्टीम वापरतात, किंवा आतलं यंत्र कसं चालतं हे हातानं करून बघायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. उदाहरणं मी डेबियनची घेतली आहेत. आज्ञा आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. 'लक्सफॉर्मॅट'मधलं एफ, 'लक्सडंप'मधलं डी अशी दुसऱ्या शब्दाची सुरुवात मोठ्या अक्षरानं होते, तेवढं ध्यानात ठेवा.

आत काय घडतं

लिनक्समध्ये डिस्क आणि फाइल सिस्टीम यांच्या मधोमध बसणारा एक थर आहे, डिव्हाइस मॅपर. एलव्हीएमसुद्धा याच थरावर उभं असतं. या थरातला 'क्रिप्ट' नावाचा भाग, म्हणजे डीएम-क्रिप्ट, २००४ साली २.६.४ या कर्नलबरोबर आला. लिहिताना प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) डिस्कवर जाण्याआधी तो एन्क्रिप्ट करतो आणि वाचताना उलगडतो. वरच्या फाइल सिस्टीमला याचा पत्ताही नसतो. तिला एक साधी डिस्क दिसत असते.

मात्र डीएम-क्रिप्टला पासवर्ड कळत नाही. त्याला थेट मूळ चावी हवी असते. पासवर्डपासून मूळ चावीपर्यंतचा रस्ता लक्स सांभाळतं. पार्टिशनच्या सुरुवातीला लक्सचं हेडर असतं आणि त्यात मूळ चावी वेगवेगळ्या खणांत बंद करून ठेवलेली असते. तुमचा पासवर्ड फक्त त्यातला एक खण उघडतो. त्यामुळे पासवर्ड बदलला तरी अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही, आणि एकाच डिस्कला मालकाचा एक आणि आपला एक असे दोन पासवर्ड ठेवता येतात. जुन्या लक्स१ मध्ये असे ८ खण होते, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत असतात. तोटा एकच, पण फार मोठा: हेडर खराब झालं की पासवर्ड माहीत असूनही डिस्क कायमची बंद.

आता कर्नलच्या दृष्टीनं मुख्य गोष्ट. पासवर्ड कर्नल विचारत नाही. तो विचारतो क्रिप्टसेटअप नावाचा प्रोग्राम, आणि मूळ डिस्क अजून बंद असल्यामुळे हा प्रोग्राम दुसरीकडं कुठंतरी असावा लागतो. ती जागा म्हणजे इनिटरामएफएस. कर्नलबरोबर मेमरीत चढणारी ही छोटीशी फाइल सिस्टीम एन्क्रिप्ट नसलेल्या बूट पार्टिशनवर असते. डिस्क उघडण्याच्या क्षणापर्यंत जे जे लागतं, ते एकतर कर्नलमध्येच बांधलेलं हवं किंवा इनिटरामएफएसमध्ये हवं. बंद डिस्कवर पडलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा सुटा भाग, त्या क्षणी उपयोगाचं नाही. कॉन्फिगरेशन करताना दर पर्यायाला हाच प्रश्न विचारा: ही वस्तू कुलूप उघडण्याआधी लागते का?

आधी रंगीत तालीम

खऱ्या पार्टिशनला हात लावण्यापूर्वी एका साध्या फाइलवर सगळं करून बघा. फाइल १०० एमबीची तरी घ्या, कारण लक्स२ चं हेडरच १६ एमबी जागा घेतं.

ट्रंकेट -एस १००एम तालीम.आयएमजी
सुडो क्रिप्टसेटअप लक्सफॉर्मॅट तालीम.आयएमजी
सुडो क्रिप्टसेटअप ओपन तालीम.आयएमजी तालीम
सुडो एमकेएफएस.एक्स्ट४ /डेव्ह/मॅपर/तालीम

(पहिल्या ओळीतलं एस छोटं आणि एम मोठं.) दुसऱ्या आज्ञेनंतर डेटा कायमचा पुसला जाईल असा इशारा येतो आणि 'येस' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं जातं. छोट्या अक्षरांत लिहिलं तर काम पुढं जात नाही. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. चुकीच्या पार्टिशनचं नाव दिलेल्या माणसाला तिथं शेवटची संधी मिळते, म्हणून प्रत्येक वेळी तो शब्द लिहिण्याआधी डिव्हाइसचं नाव मोठ्यानं वाचा. मी अजूनही वाचतो.

आता फाइल उघडी असताना 'सुडो डीएमसेटअप टेबल' चालवा. एका ओळीत 'क्रिप्ट' आणि 'एईएस-एक्सटीएस-प्लेन६४' दिसेल. मूळ चावी तिथं दिसणार नाही. लक्स२ ती कर्नलच्या कीरिंगमध्ये, म्हणजे मेमरीतल्या चाव्यांच्या जुडग्यात, ठेवतं. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत अमेरिकेनं २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि एक्सटीएस ही ती डिस्कच्या सेक्टरांवर वापरायची रीत. चावी ५१२ बिटांची दिसली तर दचकू नका. एक्सटीएसला दोन चाव्या लागतात, प्रत्येकी २५६ बिटांची.

तालमीची फाइल एवढ्यात बंद करू नका. ती उघडी ठेवण्याचं कारण पुढं येतंय.

प्रोसेसर काय म्हणतो

'ग्रेप एईएस /प्रॉक/सीपीयूइन्फो' चालवून बघा. 'एईएस' हा झेंडा दिसला तर प्रोसेसरमध्ये या कामाच्या खास सूचना आहेत. इंटेलनं त्या २०१० पासून द्यायला सुरुवात केली. मॉडेलच्या नावावरून किंवा पिढीवरून अंदाज बांधू नका, कारण स्वस्त प्रोसेसरांमधून त्या बरीच वर्षं वगळलेल्या होत्या. आपल्याकडं ऑफिसात चालणाऱ्या सेकंडहँड मशीनमध्ये हा फरक हटकून आढळतो.

त्यानंतर 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क'. ही चाचणी फक्त मेमरीत होते, डिस्कला शिवत नाही. एईएस-एक्सटीएसच्या ओळीतला आकडा तुमच्या डिस्कच्या वेगाशी ताडून बघा. फिरणारी हार्ड डिस्क साधारण सेकंदाला १०० ते २०० एमबी देते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. बेंचमार्कचा आकडा याच्या बराच वर असेल तर एन्क्रिप्शनचा भार जाणवणारही नाही. फारच खाली असेल आणि झेंडाही नसेल, तर ॲडिअँटम ही दुसरी पद्धत बघा. गूगलच्या लोकांनी ती अशाच दुबळ्या प्रोसेसरांसाठी तयार केली आणि ५.० पासून ती कर्नलमध्ये आहे. 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क -सी एक्सचाचा१२,एईएस-ॲडिअँटम-प्लेन६४' अशी तिची चाचणी होते.

बेंचमार्कनं आकड्यांऐवजी 'रिक्वायर्ड कर्नल क्रिप्टो इंटरफेस नॉट अव्हेलेबल' असं उत्तर दिलं, तर मशीन खराब नाही. कर्नलमध्ये यूजर एपीआयचा (प्रोग्रामना कर्नलचं एन्क्रिप्शन वापरू देणारा) पर्याय घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कॉन्फिगरेशन

डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबेल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, डेबहेल्पर आणि आरसिंक ही पॅकेजं टाकून घ्या. कर्नलचा सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या, दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती निवडा. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करू नका. चालू कर्नलचं कॉन्फिगरेशन बूट फोल्डरमध्ये असतं, ते सोर्सच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' या नावानं कॉपी करा आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा.

कर्नल हलका करण्यासाठी बहुतेक जण पुढं 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवतात. ही आज्ञा या क्षणी लोड असलेली मॉड्यूलं तेवढी ठेवते, बाकीची काढून टाकते. ती फार उपयोगी आहे आणि मला सगळ्यात मोठा फटका तिनंच दिला, म्हणून जरा थांबून सांगतो.

एका कारखान्याच्या ऑफिसात दोन मशीनमध्ये एकच यूएसबी कीबोर्ड फिरत होता. ज्या मशीनची डिस्क एन्क्रिप्टेड होती, ते पुन्हा चालू करून पासवर्ड दिल्यावर कीबोर्ड शेजारच्या टेबलावर गेला. पण मधे एकदा मशीन दुरून पासवर्ड देण्याच्या सोयीनं, नेटवर्कवरून उघडून, कीबोर्डशिवायच चालू झालं होतं. मी घरून नेटवर्कवरूनच लोकलमॉडकॉन्फिग चालवलं. कीबोर्ड जोडलेला नव्हता म्हणून त्याचं मॉड्यूल लोड नव्हतं, आणि लोड नव्हतं म्हणून ते माझ्या नव्या कर्नलमधून गेलं. दुसऱ्या दिवशी नेटवर्कची केबल सैल झाली होती. दिवाणजींनी मशीन चालू केलं, कीबोर्ड लावला. ग्रबच्या, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत बाणाची कळ व्यवस्थित चालली. पासवर्डच्या ओळीवर आल्यावर मात्र एकही कळ उमटेना, नमलॉकचा दिवाही लागेना. "सर, कीबोर्ड गेला काय बघा की," असा त्यांचा फोन. पगाराचा दिवस होता, चाळीस-पन्नास माणसं हिशोबाची वाट बघत होती.

कीबोर्ड चांगला होता. ग्रब हा मशीनच्या फर्मवेअरकडून (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडून) कीबोर्ड वापरतो, म्हणून तिथं तो चालला. कर्नल सुरू झाल्यावर ती जबाबदारी कर्नलच्या ड्रायव्हरवर येते, आणि तो मी काढून टाकला होता. ग्रबच्या यादीत डेबियनचा जुना कर्नल मी ठेवला होता म्हणून पाच मिनिटांत सुटका झाली. तयार कर्नल कधीही काढू नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते त्या दिवसापासून.

तेव्हा लोकलमॉडकॉन्फिगच्या आधी जे जे कधीकाळी लागेल ते सगळं मशीनला जोडा: कीबोर्ड, पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क. आणि तालमीची फाइल उघडी असू द्या. ती उघडी असल्यामुळे लूप, डीएम-क्रिप्ट, एक्सटीएस यांची मॉड्यूलं लोड असतात आणि यादीतून गळत नाहीत.

आता 'मेक मेन्यूकॉन्फिग'. मेन्यूची रचना दर काही आवृत्त्यांनी बदलते, त्यामुळे मी रस्ता सांगण्यापेक्षा नावं सांगतो. तिरपी रेघ, म्हणजे '/', दाबली की शोधाची चौकट येते; तिथं नाव टाका, आणि यादीतल्या आकड्याची कळ दाबली की थेट त्या पर्यायावर पोचता. पर्यायापुढं तारा आला की तो कर्नलमध्येच बांधला जातो, एम आलं की वेगळं मॉड्यूल होतं. खालच्या यादीतल्या गोष्टी मी ताऱ्यानंच घेतो. कर्नल थोडा फुगतो, पण इनिटरामएफएसमध्ये मॉड्यूल पडलं की नाही ही एक काळजी कायमची मिटते.

'ब्लॉक_डेव्ह_इनिटआरडी' हा इनिटरामएफएसचा पाया (नावात ब्लॉकचं लघुरूप बीएलके आहे). 'बीएलके_डेव्ह_डीएम' म्हणजे डिव्हाइस मॅपर. तो दिसला नाही तर त्याच्या वरचा 'एमडी' हा पर्याय आधी चालू करा. मग 'डीएम_क्रिप्ट'.

इथं फसगत होते. डीएम_क्रिप्ट घेतल्यावर कर्नल त्याला लागणाऱ्या काही गोष्टी आपोआप ओढून घेतो. सीबीसी आणि एसिव्ह या जुन्या रीती त्यात येतात, पण एक्सटीएस येत नाही. आणि आजच्या लक्सचा डिफॉल्ट तर एक्सटीएसच आहे. म्हणजे डीएम-क्रिप्ट आहे, एईएस आहे, कर्नल बिनचूक बांधला गेला आहे, आणि तरी पासवर्ड बरोबर देऊनही डिस्क उघडत नाही. म्हणून 'क्रिप्टो_एईएस' आणि 'क्रिप्टो_एक्सटीएस' हे दोन्ही स्वतः तपासा. प्रोसेसरला झेंडा असेल तर 'क्रिप्टो_एईएस_एनआय_इंटेल' घ्या. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या प्रोसेसरांवरही तोच चालतो. हा राहिला तर डिस्क उघडेल, पण प्रोसेसरमधल्या खास सूचना वापरल्या जाणार नाहीत आणि काम रखडेल. ॲडिअँटम निवडलं असेल तर 'क्रिप्टो_ॲडिअँटम'. शा-२५६ आणि शा-५१२ हे दोन्ही हॅशही घेऊन टाका.

'क्रिप्टो_यूजर_एपीआय_हॅश' आणि 'क्रिप्टो_यूजर_एपीआय_एसकेसायफर' यांमुळे क्रिप्टसेटअपला कर्नलच्या एन्क्रिप्शनशी थेट बोलता येतं. वर सांगितलेला बेंचमार्कचा संदेश दुसऱ्याच्या अभावी येतो. कीरिंगसाठी 'कीज' हा पर्याय चालू असू द्या.

एन्क्रिप्शनचं संपलं. आता कुलपाच्या बाहेर लागणारं इतर सामान. डिस्कचा ड्रायव्हर: साटा डिस्कला 'साटा_एएचसीआय', एनव्हीएमईला 'बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई'. मूळ फाइल सिस्टीम, बहुधा 'एक्स्ट४_एफएस'. यूईएफआय मशीनवर ईएफआय पार्टिशनसाठी 'व्हीफॅट_एफएस' आणि त्याच्या जोडीला कोडपेज ४३७ व आयएसओ ८८५९-१ ही अक्षरसंचांची मॉड्यूलं. कीबोर्ड: यूएसबीसाठी 'यूएसबी_हिड', 'हिड_जेनेरिक' आणि 'यूएसबी_एक्सएचसीआय_एचसीडी', जुन्या मशीनवर 'यूएसबी_ईएचसीआय_एचसीडी' सुद्धा. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला बहुतेक ठिकाणी 'कीबोर्ड_एटीकेबीडी' आणि 'सेरिओ_आय८०४२' पुरतात, काही नव्या लॅपटॉपना आयटूसी-हिड लागतं. शेवटी स्क्रीन: 'डीआरएम_सिंपलडीआरएम' किंवा 'एफबी_ईएफआय' यांतलं एक. ते नसेल तर पासवर्डचा प्रश्न आलेला असतो, पण काळ्या पडद्यावर दिसत नाही आणि माणूस मशीन अडकलं म्हणून बटण दाबून बंद करतो.

बांधणी

डेबियनचं कॉन्फिगरेशन उचललं असेल तर 'सिस्टीम_ट्रस्टेड_कीज' या पर्यायातली फाइलची वाट पुसून तो रिकामा करा. ती फाइल तुमच्याकडं नसते आणि बांधणी अर्ध्यात थांबते. डीबगची माहितीही बंद करा, नाहीतर डिस्कवरची बरीच जीबी जागा त्यातच जाईल.

मग 'मेक -जे२ बाइनडेब-पीकेजी'. जे नंतरचा आकडा म्हणजे एकाच वेळी किती कामं चालवायची. पुस्तकी सल्ला जेवढे कोअर तेवढा आकडा असा असतो, पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, जुन्या मशीनचा पंखा धुळीनं आणि कारखान्यातल्या सुताच्या केसरानं भरलेला असतो. अशा वेळी चारही कोअर तासन्‌तास जुंपले की मशीन तापून बंद पडतं. आधी पंखा साफ करा, रात्री काम लावा, आकडा निम्मा ठेवा. मी सहसा रात्री दहाला लावून झोपतो. यूपीएस असू द्या. वीज गेली तर बांधणी पुन्हा त्याच आज्ञेनं जिथं होती तिथून पुढं जाते, त्यामुळे इथं नुकसान नाही, पण पुढच्या पायऱ्यांत आहे.

वरच्या फोल्डरमध्ये डेब पॅकेजं तयार होतात, ती 'सुडो डीपीकेजी -आय' नं टाका. सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर हा कर्नल सुरू होणार नाही, कारण त्याच्यावर सही नाही. एकतर स्वतःची चावी मशीनमध्ये नोंदवून कर्नलवर सही करा, किंवा सिक्युअर बूट बंद करा. पहिलं जास्त चांगलं.

इनिटरामएफएस

'क्रिप्टसेटअप-इनिटरामएफएस' हे पॅकेज असल्याची खात्री करा. '/ईटीसी/क्रिप्टटॅब' मध्ये मूळ डिस्कची ओळ असते: मॅपरमधलं नाव, पार्टिशनचा यूयूआयडी (त्याची न सरकणारी ओळख), चावीच्या जागी 'नन' आणि शेवटी 'लक्स'. डिव्हाइसचं नाव एसडीए३ असं लिहू नका. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की ही नावं सरकतात. यूयूआयडी 'बीएलकेआयडी' या आज्ञेनं मिळतो.

मग 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल', आणि लगेच 'एलएसइनिटरामएफएस' नं आत बघा. यादीत 'क्रिप्टसेटअप' हा प्रोग्राम आणि 'क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब' ही फाइल दिसली पाहिजे. दिसली नाही तर मशीन पुन्हा सुरू करू नका, आधी क्रिप्टटॅब दुरुस्त करा. हे बघायला अर्धं मिनिट पुरतं.

पुन्हा सुरू झाल्यावर, पासवर्ड देऊन आत गेलात की 'यूनेम -आर' नं नवा कर्नल असल्याची खात्री करा आणि '/प्रॉक/क्रिप्टो' मध्ये एक्सटीएसच्या नोंदीपुढचा ड्रायव्हर बघा. नावात 'एईएसएनआय' किंवा 'व्हीएईएस' असेल तर प्रोसेसरच्या खास सूचना कामाला लागल्या आहेत. नुसतं 'जेनेरिक' दिसलं तर कॉन्फिगरेशनमधला तो पर्याय राहिला.

खरी डिस्क आणि पासवर्ड

नव्या डेटा पार्टिशनला तालमीतल्याच आज्ञा, फक्त फाइलच्या जागी पार्टिशनचं नाव. आधीपासून डेटा असलेलं पार्टिशन जागच्या जागी एन्क्रिप्ट करण्याची सोय क्रिप्टसेटअपमध्ये आहे, पण हेडरला जागा करण्यासाठी फाइल सिस्टीम आधी आक्रसावी लागते. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत असल्याशिवाय मी त्या वाटेनं जात नाही. प्रत असेल, तर सरळ नवं पार्टिशन करून डेटा परत टाकणं सोपं पडतं.

मेमरीबद्दल एक गोष्ट. लक्स२ पासवर्डवर आर्गॉन२ ही प्रक्रिया चालवतं आणि ती मुद्दाम भरपूर मेमरी खाते, १ जीबीपर्यंत, म्हणजे पासवर्डांचा मारा करणाऱ्याला ते महाग पडावं. किती मेमरी वापरायची हे फॉर्मॅट करणाऱ्या मशीनवर ठरतं. १६ जीबीच्या मशीनवर फॉर्मॅट केलेली बाहेरची डिस्क १ जीबीच्या जुन्या मशीनवर उघडायला गेलात तर मेमरी अपुरी पडू शकते. अशी डिस्क दोन्हीकडं फिरणार असेल तर फॉर्मॅट करताना '--पीबीकेडीएफ-मेमरी' नं मर्यादा घाला, आकडा केबीमध्ये.

पासवर्ड देवनागरीत ठेवू नका. पासवर्ड विचारला जातो तेव्हा मशीनवर इनस्क्रिप्टचा कीबोर्ड नसतो, साधा अमेरिकन मांडणीचा असतो. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तर चालतात आणि लक्षातही राहतात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, मालकाचं नाव, कारखान्याचं नाव, सिद्धेश्वर आणि जन्मसाल हे सोडून. '@' किंवा '#' सारखी चिन्हं मांडणीप्रमाणे जागा बदलतात, ती टाळा. लांबी वाढवली की त्यांची गरज उरत नाही.

दुसरा पासवर्ड 'क्रिप्टसेटअप लक्सॲडकी' नं लगेच टाका, कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि ते पाकीट मालकांच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला द्या. कंप्युटर बघणारा एकटाच पासवर्ड जाणत असेल, तर त्याचा अपघात म्हणजे कारखान्याचा अपघात.

हेडरचा बॅकअप

सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एसडीए३ --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.आयएमजी

ही १६ एमबीची फाइल दुसऱ्या दोन ठिकाणी ठेवा, त्याच डिस्कवर नको. वीज ये-जा करताना लिहिणं अर्धवट राहिलं, कुणी चुकून पार्टिशनवर दुसरंच काही फॉर्मॅट केलं, डिस्कच्या सुरुवातीचे सेक्टर खराब झाले, तर 'लक्सहेडररिस्टोअर' हाच मार्ग उरतो. तालमीच्या फाइलवर हेही करून बघा: फाइल बंद करा, हेडरची प्रत घ्या, 'डीडी' नं सुरुवातीचे १६ एमबी शून्यांनी भरा (आज्ञेत 'कॉन्व्ह=नोट्रंक' घालायला विसरू नका, नाहीतर फाइलच कापली जाईल), डिस्क उघडत नाही हे डोळ्यांनी बघा, मग हेडर परत टाकून उघडा. एकदा हातानं केलं की खरी वेळ आली तर हात कापत नाहीत.

या प्रतीचा एक धोका आहे. प्रत घेतली त्या दिवशीचे पासवर्ड तिच्यात कायम राहतात. पुढं एखादा माणूस नोकरी सोडून गेला आणि तुम्ही त्याचा पासवर्ड काढून टाकलात, तरी जुनी प्रत त्याच्या हाती लागली तर त्याच्या जुन्या पासवर्डनं डिस्क उघडते. पासवर्ड बदलला की नवी प्रत घ्या, जुनी नष्ट करा.

राहिलेल्या फटी

स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एन्क्रिप्ट नसेल तर मेमरीतला मजकूर तिथून उघड्यावर येतो. एन्क्रिप्टेड एलव्हीएमच्या आत स्वॅप असेल तर प्रश्न नाही. वेगळं असेल तर क्रिप्टटॅबमध्ये त्याला '/डेव्ह/यूरँडम' ची चावी आणि 'स्वॅप' हा पर्याय द्या, म्हणजे दर वेळी नवी चावी तयार होते. मात्र मग हायबरनेट चालणार नाही.

एसएसडीवर 'डिस्कार्ड' (रिकामी झालेली जागा डिस्कला कळवणं) चालू केलं तर डिस्कचा कोणता भाग रिकामा आहे हे बाहेरून कळतं. ऑफिसच्या कामाला हा धोका मी चालवून घेतो.

झाकण मिटून झोपवलेल्या लॅपटॉपमध्ये मूळ चावी मेमरीत जिवंत असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी वीज तोडल्यावरही मेमरीतून अशा चाव्या काढून दाखवल्या होत्या. माझ्या गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगतो: पुण्या-मुंबईला निघताना, स्टेशनवर जाण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा.

आणि जुनी डिस्क विकताना किंवा भंगारात देताना 'सुडो क्रिप्टसेटअप लक्सइरेज' चालवा. सगळे खण पुसले जातात, मूळ चावी कुणालाच मिळत नाही. त्यासोबत हेडरच्या जुन्या प्रती ठेवल्या होत्या त्या दोन्ही जागांवर जाऊन त्याही पुसा.